घरी बसायचा पगार

सरकारनं त्या माणसाला दोनदा बरं केलं आणि दोन्ही वेळा फुकट. पलंग, डॉक्टर, औषधं, जेवण, बाहेर आल्यावर राहायला खोली आणि वर नोकरी लावून द्यायला एक खास माणूस. माझ्या दुकानातल्या कुणाला साधी दाढ काढायची झाली तर विम्याचं कार्ड चालेल का हे आधी चार ठिकाणी विचारावं लागे. हे मी सुरुवातीलाच सांगतो. पुढचं वाचून लोक मला नावं ठेवणार आहेत. ठेवा, पण दोन्ही पारडी बघून ठेवा.

मी रत्नागिरीकडचा, खाडीकाठच्या गावातला. एकोणिसाव्या वर्षी दम्मामला उतरलो तेव्हा अंगावर शर्ट होता तो चुलत्याचा. पहिली सहा वर्षं पाईप उचलले. मग अल-खोबरच्या मागच्या गल्लीत एक गाळा घेतला आणि वाल्व, फ्लँज, गॅस्केट, सेफ्टी शूज विकायला लागलो. धाहरानच्या वर्कशॉपना माल दिला, पुढं रास अल खैर उभं राहायला लागलं तेव्हा तिथल्या ठेकेदारांना दिला. दुकान कागदावर कफीलचं, म्हणजे आमचे परवाने ज्याच्या नावावर त्या सौदी मालकाचं होतं. त्यानं कधी एक नट हातात धरून बघितला नाही. दर महिन्याला तो यायचा, कॉफी प्यायचा आणि आपला हिस्सा घेऊन जायचा. मला त्याची तक्रार नव्हती, तो ठरलेला सौदा होता. सौद्यात ठरलेली गोष्ट मी कधी मोडत नाही, फक्त ठरवताना समोरच्याला घाम फोडतो.

मग रंगांची वर्षं आली. दुकानात सौदी माणसं किती आणि बाहेरची किती हे मोजून सरकार प्रत्येक दुकानाला रंग द्यायला लागलं. हिरव्यात असलात तर कामं होतात, पिवळ्यात अडखळतात, लाल झालात की कुणाचाही इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, नवा होत नाही. आम्ही सगळे बाहेरचेच होतो. हिरवे होतो ते एका नावावर. कफीलचा एक बहिरा काका आमचा वॉचमन म्हणून लागला होता. त्या बिचाऱ्यानं दुकान कुठल्या गल्लीत आहे हेसुद्धा पाहिलेलं नव्हतं. दर महिन्याला त्याचा पगार त्याच्या घरी जात असे. सगळ्या गल्लीत हीच रीत होती, आणि ज्यांनी ती पाळली नाही ते शटर ओढून गावी गेले.

काका वारला आणि आम्ही पिवळ्यात आलो. पुढच्या मोजणीला लाल होणार हे उघड होतं.

लाल झाल्यावर पहिला बळी कुणाचा जाणार हेही मला माहीत होतं. माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, चौदा वर्षं माझा स्टोअरकीपर होता. अंधारात हात घालून तो दोन इंची गॅस्केट आणि अडीच इंची गॅस्केट वेगळं काढायचा. त्याचा इकामा फेब्रुवारीअखेर संपत होता. त्याची मुलगी इथल्याच भारतीय शाळेत दहावीला होती आणि तिची परीक्षा मार्चमध्ये होती. बापाचा इकामा गेला की सगळं घर एक्झिटवर, म्हणजे कायमचं परत गावी जाणार आणि पोरीचं वर्ष बुडणार.

बायको मला म्हणाली, "पोरीचं वर्ष गेलं तर मी माहेरी काय तोंड दाखवू?"

"मी बघतो ना."

"तुमचं बघणं मला ठाऊक आहे. समोरच्या दुकानवाल्यानं त्याला दोनदा मागितला. तुम्ही कफीलकडं त्याची रिलीज का नाही मागत?"

मी मागितली नव्हती, हे खरं आहे. समोरचा दुकानवाला हिरव्यात होता आणि त्याला माझा मेहुणा हवा होता. पण चौदा वर्षं शिकवून तयार केलेला माणूस मी रस्त्यापलीकडं फुकट का द्यावा? शिवाय दुसऱ्याकडं कामाला जायची ती परवानगी कफील कुणालाच देत नसे. मी बायकोला सांगितलं, मार्ग निघेल. निघालाही.

कफील एका सकाळी खुशीत आला. म्हणाला, "नशीब उघडलं तुझं. सौदी मिळाला. पगारातला वाटाही काही महिने सरकार देणार."

"कोण आहे?"

"उत्तरेकडचा. सरहद्दीजवळच्या टोळीतला. माझ्या बायकोच्या माहेरच्यांपैकी. ट्रक चालवायचा. गोळ्यांची सवय लागली, सरकारी इस्पितळानं सोडवली. आता इस्पितळ अशा लोकांना कामाला लावतंय."

"त्याचं नाव मला चालेल. माणूस कशाला?"

कफील हसला. "ते तू त्यांच्याशी बोल. बोलण्यात तुझा हात कोण धरणार?"

इस्पितळाचा समाजसेवक त्या माणसाला घेऊन दुकानात आला. समाजसेवकाचा तोब, म्हणजे अंगातला लांब पांढरा झगा, कडक इस्त्रीचा होता आणि हातात फाईल होती. बरोबरचा माणूस चाळिशीचा, वाळलेला, पुढचे दात झिजून आखूड झालेले. गोळ्यांच्या अमलात माणूस दात खात राहतो, हे मला नंतर कळलं. तो खुर्चीवर बसला नाही. रॅकवरच्या वाल्वकडं बघत उभा राहिला.

समाजसेवकानं एक छापील कार्ड काउंटरवर ठेवलं. रोजची हजेरी, रोज माझी सही, वर दुकानाचा शिक्का. कार्ड दर आठवड्याला इस्पितळात जाणार.

मी म्हणालो, "पगार देतो, कार्ड भरतो. त्याला इथं यायची तसदी कशाला?"

"येणं हेच त्याचं औषध आहे," समाजसेवक म्हणाला. "सकाळी उठून कुठंतरी पोचायचं, कुणीतरी वाट बघत असायचं. इस्पितळात आम्ही नशा काढतो, पण दिवस रिकामा राहिला की ती परत येते."

"साहेब, माझं गॅस्केटचं दुकान आहे. दवाखाना नाही."

"गॅस्केट काय करतं?"

"गळती थांबवतं."

"मग आम्ही बरोबर दुकानात आलोय."

असल्या गोड बोलण्याची मला चीड आहे. ज्याला भाडं भरायचं नसतं त्यालाच असं बोलणं सुचतं. पण रंग माझा पिवळा होता, म्हणून मी सही केली. मोजणीत आम्ही पुन्हा हिरव्यात आलो. मेहुण्याचा इकामा वेळेवर नवा होणार म्हणून बायकोनं त्या दिवशी पापलेट केलं.

तो माणूस दुसऱ्या दिवशी माझ्याआधी येऊन शटरपाशी उभा होता. तिसऱ्या दिवशीही. मला वाटलं होतं, आठवडाभरात कंटाळेल. सौदी माणूस गुदामातली धूळ किती दिवस खाणार? पण मेहुण्यानं त्याला पोटाशी धरलं. इंग्रजी आकडे त्याला वाचता येत नव्हते, म्हणून मेहुण्यानं त्याला मापं बोटांनी शिकवली. अंगठा आत गेला की अमुक, दोन बोटं गेली की तमुक. माल चुकायचा, मी ओरडायचो, मेहुणा गुपचूप बदलून द्यायचा. तो माझ्या मेहुण्याला 'उस्ताज' म्हणायचा, म्हणजे मास्तर. मला 'मुदीर', म्हणजे साहेब. फरक मला कळत होता.

चहाच्या वेळी तो मेहुण्याला आपली हकिकत सांगायचा आणि काउंटरवर बसल्या बसल्या माझ्याही कानांवर पडायची. त्याच्या आज्याचे उंट सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना चरायचे. मग सरहद्द पक्की झाली, तारेचं कुंपण आलं. सरकारनं टोळीला रांगेत घरं बांधून दिली, पाणी दिलं, दरमहा रक्कम दिली. बाप घराच्या पायरीवर बसला तो मरेपर्यंत बसला. हा ट्रकवर गेला. बंदरापासून सरहद्दीपर्यंत न झोपता गाडी न्यायची म्हणून गोळ्या. पुढं गाडी विकली, गोळ्या राहिल्या.

"आणि मग सरकारनं बस पाठवायला सुरुवात केली," तो म्हणाला. "दर आठवड्याला वस्तीत यायची. आत डॉक्टर, समजवायला एक मौलवी, एक आमच्यातलाच बरा झालेला माणूस."

"चांगलं की," मेहुणा म्हणाला.

"चांगलंच. पण बसमध्ये कोण चढतं ते सगळी टोळी पायरीवर बसून बघते. एक चढला की त्याच्या बहिणीचं लग्न मोडतं. म्हणून मी इतक्या लांब दम्मामला आलो. इथं मला कुणी ओळखत नाही."

मी हिशोबाच्या वहीतून मान वर केली नाही. पण ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

दोन महिने असे गेले. मग रास अल खैरच्या एका ठेकेदाराचा खरेदीवाला आला. सौदी, जाडजूड, पैसेवाला. त्याला गेट वाल्व मोठ्या संख्येनं हवे होते. अशा गिऱ्हाइकाची मी सहा महिने वाट बघतो. भाव सांगितला, त्यानं नाक मुरडलं, मी छातीवर हात ठेवून शपथ घेतली की माझ्या खरेदीपेक्षा एक रियालही वर लावलेला नाही. हे सगळे करतात. खरेदीवाल्यालाही माहीत असतं की शपथ खोटी आहे. शपथ झाल्यावरच तर खरी घासाघीस सुरू होते.

आमचा उत्तरेकडचा माणूस माल पुसत बाजूला उभा होता. त्याला ते माहीत नव्हतं. त्यांच्यात शपथ म्हणजे शपथ. तो सरळ पुढं आला आणि खरेदीवाल्याला म्हणाला, "तसं नाही. हाच वाल्व परवा कमी भावात दिलाय. बिल खालच्या खणात आहे."

खरेदीवाला खोखो हसला. माझ्याकडं नाही, त्याच्याकडं वळला. "तू उत्तरेचा ना? बोलण्यावरून कळतंय. कुठल्या टोळीचा?"

त्यानं सांगितलं.

"अरे, माझा साडू तुमच्याच वस्तीच्या शाळेत आहे! तू इथं या हिंदी लोकांच्या गुदामात काय करतोस?"

आणि माझं डोकं फिरलं. सौदा गेला होता, शपथ उघडी पडली होती, आणि हे दोघं माझ्याच काउंटरवर सोयरीक जुळवत होते. मी अरबीतच ओरडलो, "काय करतो ते मी सांगतो! गोळ्या खाणारा आहे हा! नशेबाजांच्या इस्पितळातून आलाय. सरकारनं माझ्या गळ्यात बांधलाय!"

खरेदीवाला एकदम घड्याळ बघायला लागला आणि निघून गेला. त्या माणसानं हातातलं फडकं घडी घालून काउंटरवर ठेवलं आणि गुदामात गेला. मेहुणा माझ्याकडं बघत राहिला.

"काय बघतोस?"

"दुल्हाभाई, हे बोलायला नको होतं."

"मग काय बोलायला हवं होतं? शाबास बोलू? सौदा तुझ्या बापानं आणलेला?"

तो आत गेला.

दुसऱ्या दिवशी तो माणूस नेहमीसारखाच शटरपाशी उभा. मला वाटलं होतं, येणार नाही. रात्रीतून त्याच्या वस्तीत फोन गेला होता आणि भावानं त्याला सांगितलं होतं की तूर्त घरी येऊ नकोस. हे मला मेहुण्याकडून कळलं. तरी तो आला. मला ते सहन होईना. ज्याचं आपण नुकसान केलंय तो माणूस रोज सकाळी आपल्याआधी येऊन उभा राहतो, याच्यासारखी शिक्षा नाही. मी त्याला चहा दिला आणि माझ्या पद्धतीनं विषय काढला.

"तू खोलीवरच आराम कर. पगार पूर्ण. वर माझ्याकडून थोडे जास्त. कार्ड मी भरतो."

तो म्हणाला, "मुदीर, आमच्या वस्तीत सगळ्यांनाच घरी बसायचा पगार मिळतो. मी त्याच्यापासूनच पळून आलोय."

"तो सरकारचा. हा माझा."

"बसणं तेच."

तीन दिवस मी त्याच्या मागे होतो. माझ्या काउंटरवरून कुणी 'हो' म्हटल्याशिवाय गेलेलं नाही. रक्कम वाढवली, गोड बोललो, गिऱ्हाइकं बिथरतात म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी मी कार्ड हातात घेतलं आणि म्हणालो, "आलास तर सही करणार नाही. बसलास तर करीन. सही नसेल तर इस्पितळ तुझी खोली काढून घेईल. ठरव."

त्यानं रॅकवरचा एक वाल्व सरळ करून ठेवला. मग म्हणाला, "खलास. तुझ्या म्हणण्यासारखं."

मी जिंकलो. मेहुण्यानं गुदामातून सगळं ऐकलं होतं. म्हणाला, "दुल्हाभाई, त्याला घरी धाडू नका. पोरीच्या परीक्षेपर्यंत तरी नका काही वाकडं करू."

"तुझ्या पोरीसाठीच चाललंय हे! त्याचं नाव दुकानावर आहे, आपण हिरव्यात आहोत. त्याचं धड इथं असलं काय नि तिथं असलं काय?"

"तो माणूस आहे. बहिरा काका नाही."

"तू गॅस्केट मोज."

आता माझी चूक सांगतो. आमच्या धंद्यात डिलिव्हरी चलनावर सही आणि शिक्का आधीच मारून ठेवायची रीत आहे. ट्रक पहाटे निघतो, साइटच्या गेटवर कागद अडला तर अर्धा दिवस फुकट जातो, म्हणून महिन्याची कोरी चलनं आम्ही एका बैठकीत सह्या करून ठेवतो. तारखा मागून. मी पंचवीस वर्षं तेच केलं आणि कधी अडकलो नाही. हजेरीचं कार्डही मला चलनासारखंच वाटलं. पाच आठवड्यांची कार्डं मी एका दुपारी बसून भरली, रोजची सही, रोजचा शिक्का. शिक्का मेहुण्याच्या ड्रॉवरमध्ये असायचा. त्यानं तो काढून दिला, पण मारला नाही. मारला मीच. दर आठवड्याला एक कार्ड ड्रायव्हर इस्पितळात टाकून यायचा.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात समाजसेवक आला. यावेळी तोबला इस्त्री नव्हती.

"तो कुठे आहे?" त्यानं विचारलं.

मी चटकन म्हणालो, "साइटवर पाठवलाय. माल घेऊन गेलाय."

त्यानं माझं कार्ड काउंटरवर ठेवलं. त्या आठवड्याच्या पाचही दिवसांवर माझी सही होती. शेजारी त्यानं दुसरा कागद ठेवला. "यातले चार दिवस तो आमच्याच इस्पितळात होता. खोलीत बेशुद्ध सापडला. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या होत्या. तो इथं यायचा कधी बंद झाला?"

मी कार्ड उलटं करून ठेवलं. त्याच दिवशी कफीलचा फोन आला आणि चार दिवसांनी कामगार कचेरीत बोलावणं आलं. खोट्या हजेरीचा मामला होता.

कचेरीकडं जाताना गाडीत कफील पुढं बसला होता. मी चालवत होतो. तो म्हणाला, "शिक्का कुणाकडे असतो?"

"स्टोअरकीपरकडे."

"मग झालं तर. कार्डं त्यानं भरली. तुझी सही त्यानं काढली. मी त्याला एक्झिटवर पाठवतो, दुकान स्वच्छ, रंग तसाच. तू काही बोलू नकोस. बोलायचं काम माझं."

मी म्हणालो, "तो माझ्या बायकोचा भाऊ आहे."

"म्हणूनच म्हणतो, तू बोलू नकोस."

मेहुणा मागच्या सीटवर होता. आम्ही अरबीत बोलत होतो. त्याची अरबी माझ्यापेक्षा चांगली आहे.

कचेरीत एक अधिकारी, कोपऱ्यात समाजसेवक, आणि त्याच्या शेजारी तो माणूस. चेहरा मातीसारखा झाला होता, हात गुडघ्यांत धरून बसला होता. अधिकाऱ्यानं विचारलं, कार्डं कुणी भरली? कफील पुढं झाला आणि गाडीत ठरवलेलं सगळं सांगितलं. शिक्का स्टोअरकीपरकडे, सही त्यानं काढली, मालकाचा विश्वासघात केला. बोलताना त्याचा आवाजही भरून आला. अधिकाऱ्यानं माझ्याकडं बघितलं.

"खरं आहे?"

मला बोलायला किती वेळ मिळाला ते मी अजून मोजतो. भरपूर मिळाला होता. डोळ्यांपुढं दुकान होतं, पंचवीस वर्षं होती, पाईप उचलताना सोललेले खांदे होते. मेहुणा माझ्याकडं बघत नव्हता, खिडकीकडं बघत होता. मी काहीच बोललो नाही.

तो माणूस उठला. म्हणाला, "खोटं आहे. उस्ताजनं काही केलेलं नाही. त्यानं मला काम शिकवलं. मला घरी बसायचा पगार यानं दिला," आणि बोट माझ्याकडं केलं. "कार्डंही यानंच भरली. मला म्हणाला, आलास तर सही करणार नाही."

कफील त्याच्यावर खेकसला, "तू कुणाच्या विरुद्ध बोलतोस माहीत आहे? तुझ्या टोळीची मुलगी माझ्या घरात आहे!"

"माहीत आहे," तो म्हणाला आणि खाली बसला.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते सांगताना मला अजून राग येतो. त्याचं नाव दुकानावरून काढलं आणि दुकान त्याच आठवड्यात लाल झालं. लाल दुकानातल्या कामगाराला कफीलच्या परवानगीशिवाय दुसरीकडं जाता येतं, असा सरकारचा नियम होता. मेहुण्याच्या इकाम्याचे अकरा दिवस उरले होते. समोरच्या दुकानवाल्यानं तीन दिवसांत त्याला आपल्या नावावर घेतला. पोरगी परीक्षेला बसली. कफीलनं दुकान मोडीत काढलं, आणि पंचवीस वर्षं ज्याला वाल्व विकले त्याच ठेकेदाराच्या रास अल खैरच्या गुदामात मी नोकरीला लागलो. तो माणूस इस्पितळातून पुन्हा बरा होऊन बाहेर पडला म्हणतात. यावेळी सरकारनं त्याला त्याच्याच वस्तीत त्या बसवर काम दिलं आहे. पायरीवर बसणाऱ्यांसमोरून तो रोज तिच्यात चढतो.

मला कुणी विचारलं नाही की तुझं काय. बाहेरच्यानं पंचवीस वर्षं या देशाला नटबोल्ट पुरवले तर त्याच्यासाठी बस येत नाही, समाजसेवक येत नाही. त्यांचा माणूस घसरला तर उचलायला चार हात, आमचा घसरला तर विमानाचं तिकीट. हे मी म्हणणारच, आणि ते खोटं आहे असं अजून कुणी मला दाखवून दिलेलं नाही.

पण त्या दिवशी कचेरीच्या जिन्यात जे झालं तेही सांगायला हवं. कफील पुढं निघून गेला होता. मी मेहुण्याला गाठलं. मला दिसत होतं की तो आता रस्त्यापलीकडं जाणार. मी म्हणालो, "तो काय देतो? मी त्याच्यावर देतो. नवीन गाळा घेऊ, दुसरा कफील बघू. एक महिना थांब."

"पोरीची परीक्षा आहे."

"पोरीचं मी बघतो."

तो थांबला. चौदा वर्षांत त्यानं माझ्याशी आवाज चढवला नव्हता, तेव्हाही चढवला नाही. "आत तुम्हाला विचारलं होतं," तो म्हणाला. "तुम्ही बोलला नाहीत."

"कफील बोलत होता. मालक बोलत असताना नोकरानं मध्ये तोंड घालायची रीत नाही. तुला माहीत नाही का?"

"आत उठून बोलला, ती रीत त्यालाही माहीत होती," तो म्हणाला, आणि जिना उतरून गेला.

मी त्याच्यामागे गेलो नाही. खाली तो माणूस समाजसेवकाच्या गाडीत बसत होता. मेहुणा गाडीच्या खिडकीपाशी वाकला, त्याच्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ काहीतरी बोलला. मी वरून बघत उभा होतो. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, आणि नंतर विचारायची माझी छाती झाली नाही.